भिंतीपलीकडून आलेली गोळी

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेचा ‘फील्ड ऑफ फायर’ हा १९९९ सालचा भाग पुन्हा पाहिला. खुनी कोण हे ठाऊक असल्यामुळे या वेळी लक्ष फक्त खुनाच्या रीतीकडे होते.

अंतराळ स्थानकावर एका तरुण अधिकाऱ्याचा मृतदेह त्याच्याच खोलीत सापडतो. गोळी अगदी जवळून लागलेली दिसते, पण बंदुकीची दारू जळाल्याची खूण कुठेही नाही. पुढे उलगडा होतो तो असा : ऊर्जेवर चालणारी शस्त्रे जिथे निकामी ठरतात अशा ठिकाणांसाठी साधी गोळी झाडणारी एक बंदूक पूर्वी तयार करून पाहिलेली असते आणि खुन्याने तिला ट्रान्सपोर्टरचा, म्हणजे माणसे-वस्तू एका जागेवरून नाहीशा करून क्षणात दुसरीकडे प्रकट करणाऱ्या यंत्राचा, छोटासा संच जोडलेला असतो. चाप ओढला की गोळी नळीतून नाहीशी होते आणि समोरच्यापासून काही सेंटिमीटरवर, तोच वेग घेऊन, पुन्हा प्रकट होते. जोडीला भिंतींच्या आरपार पाहणारी दुर्बीण. ट्रान्सपोर्टर आपण १९६६ पासून, म्हणजे मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेपासून, पाहत आलो आहोत. माणसे पोहोचवणारे हे यंत्र गोळीही पोहोचवील, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही. म्हणूनच हा रहस्यभेद मला चोख वाटतो.

उलट त्या मूळ मालिकेच्या १९६७ सालच्या ‘वुल्फ इन द फोल्ड’ या भागात यानाचा मुख्य अभियंता स्कॉटी रक्ताळलेला सुरा हातात धरून सापडतो आणि अखेरीस खुनी निघते एक देहहीन शक्ती. भुतानेच खून केला असेल, तर तपास कशाला हवा? (संगणकात शिरलेल्या त्या शक्तीला हुसकावण्यासाठी त्याला ‘पाय’ची (π, गणितातली ती कधीही न संपणारी संख्या) शेवटच्या अंकापर्यंत किंमत काढायला लावण्याची युक्ती मात्र झकास आहे.)

त्याच वर्षीच्या ‘कोर्ट मार्शल’ या भागात एका सहकाऱ्याच्या मृत्यूबद्दल यानाचा कप्तान कर्क याच्यावर खटला चालतो आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देतो तो यानाचा संगणक. कर्कचा सहकारी अधिकारी स्पॉक त्या संगणकाला बुद्धिबळात पुन्हापुन्हा हरवतो. हा खेळ त्याला स्पॉकनेच शिकवलेला असल्यामुळे फार तर बरोबरी व्हायला हवी होती. म्हणजे कोणीतरी त्याच्या स्मृतीशी खेळले आहे. मग बहुतेक सर्वांना यानाबाहेर पाठवून यानभर घुमणारे हृदयाचे ठोके ऐकवले जातात. यानाचे डॉक्टर मॅकॉय हजर असलेल्या एकेकाच्या ठोक्यांचा आवाज त्यातून वगळत जातात, आणि तरीही एक हृदय धडधडतच राहते. ज्याच्या मृत्यूबद्दल कर्कवर खटला चालू आहे, तो सहकारी यानातच लपून बसलेला असतो. तो आवाज ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

‘फील्ड ऑफ फायर’बद्दल एक तक्रार आजही राहिलीच. बळी पडलेल्या तिघांच्याही खोल्यांत हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे होती आणि युद्धात आपले सहकारी गमावलेल्या वल्कन (भावना दाबून ठेवणाऱ्या परग्रहवासी वंशातल्या) खुन्याला ते हसू असह्य झाले होते, हे कारण मनाला पटते. पण तो आपल्यासमोर येतो तो जवळजवळ शेवटी, एका लिफ्टमध्ये. ज्याला पाहिलेच नाही, त्याच्यावर प्रेक्षकाने संशय घ्यायचा तरी कसा? पहिल्या दहा मिनिटांत तो उपाहारगृहाच्या कोपऱ्यात, हसणाऱ्या टोळक्याकडे पाठ करून बसलेला दाखवला असता, तर माझे काही म्हणणे नव्हते.