तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी नवीन बी का नाही लावत?

थंडी पडली की हा प्रश्न ठरलेला. घरी आलेलं माणूस खिडकीतले सात बोडके खुंट बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, "अगं मिरचीच ना ती? टाकून दे, उन्हाळ्यात नवीन लाव की." इतकी वर्षं मी हसून विषय बदलते. आज एकदाचं सांगून टाकते.

मिरची एका हंगामाची नसते. कडाक्याच्या थंडीत ती गारठून मरते म्हणून तशी वाटते, एवढंच. कॅप्सिकम ॲन्युअम या शास्त्रीय नावातच 'वार्षिक' बसलंय खरं, पण नाव ठेवणाऱ्याची चूक झाडाने का भोगायची? गोठण्याएवढी थंडी लागली नाही तर झाड कित्येक वर्षं जगतं. आणि हबानेरोसारख्या जहाल तिखट जाती बघा, बी उगवायलाच कधीकधी तीन-चार आठवडे, मग रोप, मग फूल, आणि मिरची लाल होईतो थंडी परत दारात. जुन्या झाडाची मुळं तयार, बुंधा तयार, ते आधी फुलतं आणि आधी धरतं. म्हणजे हिशेबाने माझंच बरोबर आहे.

आता हिशेबाचंच म्हणाल तर बियाण्यापासून आरामात येणाऱ्या साध्या जातींची तीन झाडंही मी आत घेते. तिथे हा हिशेब लागत नाही, माहितीये मला.

कामही फार नाही हो. रात्री 10-12 अंशांवर यायला लागल्या की खोडाला पहिली फूट असते ना, इंग्रजी वायसारखी, तिच्यावर दोन-तीन डोळे ठेवून बाकी सगळं छाटायचं, पानं काढायची, मुळांची माती धुवायची, लहान कुंडीत नवी माती घालून लावायचं. साधारण 10 ते 13 अंशांच्या गार खोलीत ठेवायचं आणि पाणी अगदी बेताने, माती पार कोरडी झाली की घोटभर. मुळं धुवायचा कंटाळा केलात तर मातीतली चिलटं घरात येतात, आणि पानं काढायचा केलात तर मावा पण. "एवढ्या तिखट झाडाला कीड कशी लागते गं?" हा दुसरा आवडता प्रश्न. तिखटपणा मिरचीच्या फळात असतो, त्यातही बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या भागात, पानात तो जवळजवळ नसतोच. आणि माव्याला नरसुद्धा लागत नाही, एकटी मादी जिवंत पिल्लं टाकत सुटते, घरात तिला खाणारं कोणी नसतं, त्यामुळे एक जरी नजरेतून सुटली तरी पुढे साबणाच्या पाण्याची फवारणी आपल्या नशिबी.

पण हे सगळं सोपं. माझं नाक कापलं गेलं ते झाडं बाहेर काढताना.

ते झाड चार वर्षांचं होतं, बुंधा अंगठ्याएवढा जाड, खाली साल लाकडासारखी झालेली. थंडी सरत आली तसं मी त्याला उबेला आणि खिडकीच्या उजेडात आणलं, छान पालवी फुटली. घरात वाढलेलं पान कमी उजेडाच्या सवयीचं, पातळ असतं, त्याला बाहेरचं ऊन एकदम सोसत नाही, आधी सावलीत तासभर, मग दोन तास, असं आठ-दहा दिवस चढवत न्यायचं असतं. हे मला ठाऊक होतं! दुसऱ्यांना शिकवायचे मी. पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, म्हटलं आज काय होतंय, आणि सकाळी बाहेर ठेवून मी निघून गेले. दहाच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं असणार. संध्याकाळी आले तर पानं पांढरी, कागदासारखी, काही तर हाताला कुरकुरीत लागली.

इथवर मी सगळ्यांना सांगते. ऊन लागलं, झाड गेलं. पण ते उन्हाने गेलं नाही. पानं भाजली तरी खोडावरचे डोळे जिवंत असतात, दोन-तीन आठवड्यांत ते परत फुटतात. मी घाबरले. मला वाटलं तहानलंय, म्हणून भरपूर पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. पानं नसलेलं झाड पाणी ओढणार कुठून? आठवड्याने नखाने साल खरवडली तेव्हा वर हिरवं होतं, त्यानंतरच्या आठवड्यात खरवडली तर तपकिरी. कुंडी उपडी केली तर मुळांना वास येत होता. नुसतं सावलीत ठेवून स्वस्थ बसले असते तर वाचलं असतं. मला तेवढंच जमलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकीच एकजण म्हणाली, "त्याच्याच बिया असतील ना तुझ्याकडे?" होत्या की. पण शेजारी दुसऱ्या जातीची मिरची असेल तर किडे परागकण इकडचे तिकडे करतात, बी तिचंच आणि झाड भलतंच. रागारागात म्हटलं होतं मी, बी म्हणजे ते झाड नव्हे. लावलं मात्र. मिरची जरा लांबट निघाली, साल पातळ, आणि खरं सांगते, जुन्यापेक्षा चांगली. म्हणजे तुमचंच बरोबर होतं का? असेल. पण मग थंडी आली आणि तिलाही छाटून आत घेतलं.

खिडकीत डावीकडून तिसरा खुंट, तीच ती.