काढायचं, पण कापायचं नाही

मे, शेवटचा रविवार

जुन्या मोटारसायकलची कॅफे रेसर, म्हणजे हलकी, पुढं झुकून चालवायची गाडी, करायला घेतलीय. इंजिन अजून उघडलेलंही नाही आणि येणारा-जाणारा एकच विचारतो, "रंग कुठला मारणार?" आरसीवर काळा लिहिलाय, काळाच राहणार, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

गाडी मामांची. येझदी रोडकिंग, १९८४ची. कागलहून कोल्हापूरला कामावर जायला-यायला घेतलेली. पुढं मामांचा गुडघा धरला, घरात स्कूटर आली आणि रोडकिंग गोठ्यालगतच्या पत्र्याखाली गेली. तिथं तिचा ताबा कोंबड्यांनी घेतला. टेम्पोतून उतरवली तेव्हा सीटच्या फाटक्या फोममधून भुसा आणि पिसं गळत होती. देताना मामांनी दोनच अटी घातल्या. गाडी विकायची नाही, आणि मामीला मागं बसता आलं पाहिजे. मी हो म्हणाले. कॅफे रेसरला मागची सीट नसते, हा विषय पुढं कधीतरी काढू.

ही तऱ्हा मुळात लंडनची. नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे १९३८मध्ये सुरू झालं, युद्धात बॉम्बनं पडलं, १९४९मध्ये पुन्हा बांधलं. लॉरीवाल्यांच्या चहाचं ठिकाण, पण पन्नास-साठच्या दशकात तिथं मोटारसायकलवाली पोरं जमायची. ताशी शंभर मैल गाठायचे, म्हणजे १६१ किलोमीटर, हे एकच डोक्यात. शर्यतीची गाडी घ्यायला पैसे नाहीत, म्हणून रोजच्या गाडीतलं जड ते काढायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय मागं न्यायचे आणि टाकीवर ओणवं व्हायचं. नॉर्टनच्या फेदरबेड चासीत ट्रायम्फचं इंजिन घालून 'ट्रायटन' बनवणारे त्यातले पट्टीचे. माझी रोडकिंग २५० सीसीची, १६ हॉर्सपॉवरची. शंभर मैल ती पन्हाळ्याच्या उतारावरही गाठणार नाही. त्यामुळं हा सगळा खटाटोप निम्मा दिसण्यासाठीच आहे, हे स्वतःशी आजच कबूल करून टाकलेलं बरं.

एक मात्र ठरवलंय. काढायचं, पण कापायचं नाही. चासीला ग्राइंडर लागणार नाही. जे बोल्टनं निघतं ते काढीन आणि पोत्यात नावं घालून ठेवीन. उद्या कुणाला ही गाडी पुन्हा मामांची रोडकिंग करायची झाली तर एका दिवाळीच्या सुट्टीत करता यावी.

जून, पहिला पाऊस

गॅरेजवाल्या चाचांकडं इंजिन उघडलं. हेड उतरवलं, सिलिंडर वर ओढून काढला, मग चाचांनी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवला. 'टक्' असा बारीक आवाज आला. त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. मीही हलवला. टक्.

"क्रँक गेला," चाचा म्हणाले. "रॉड, पिन, बेअरिंग, सगळं आलं. आता सांग, सीट कसली करायची म्हणत हुतीस?"

टोमणा बरोबर होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या क्रँकच्या पेटीत, शिरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद हवीत. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल पिऊ लागतं आणि मागं धुराचा लोट. दुसरीकडचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि एक दिवस चालत्या गाडीत जाम होतो. आमची दोन्ही सील काढताना पापडासारखी मोडली.

सुट्या भागांचं दुखणं वेगळंच. म्हैसूरला आयडियल जावानं १९६१मध्ये गाड्या काढायला सुरुवात केली, १९७३पासून टाकीवर येझदी नाव आलं, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. २०२२पासून येझदी नावानं नव्या गाड्या मिळतात, पण त्या फोर-स्ट्रोक; त्यांच्या इंजिनातलं हिला काही चालत नाही. बाजारात दोनच प्रकारचा माल सापडतो. जुन्या साठ्यातला, तेलकट कागदात गुंडाळलेला आणि मालकानं जीव लावलेला. नाहीतर नवा, चकचकीत आणि बेभरवशाचा. रॉड किट चाचांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिलं. भाव विचारला तर म्हणाले, "आधी बसू दे."

जून, अखेर

आज शिवाजी उद्यमनगरात. आख्खं कोल्हापूर तिथं घासून, वितळवून, कातून निघतं. पावसाचं पाणी लेथच्या दारापर्यंत आलेलं आणि आत रेडिओ चालू.

चाचांनी सिलिंडरबरोबर नवा ओव्हरसाइज पिस्टनही दिला होता. त्याचं कारण तिथं कळलं. बोअरिंगवाल्या, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करणाऱ्या, काकांनी सिलिंडर बाजूला ठेवला आणि आधी पिस्टन मागितला. पिस्टन पुरता गोल नसतो, खालच्या घेराला किंचित जास्त असतो. काकांनी तिथं मायक्रोमीटर लावला, नंतर आडवा करून पुन्हा लावला, आकडा खडूनं बाकावर लिहिला. त्यात मोकळीक मिळवली आणि मगच सिलिंडर मशिनला चढवला. डब्यावर लिहिलेल्या मापावर बोअर करणारेही आहेत. त्यांच्या इंजिनांवर आपलं पोट चालतं, असं काका म्हणाले.

होनिंग झाल्यावर सिलिंडर उजेडाकडं धरून दाखवला. आतल्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी. त्यात तेल धरून राहतं. मला वाटलं काम संपलं. पण काकांनी छोटी कानस घेतली आणि पोर्टच्या कडा मारायला बसले. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात. बोअरिंगनं त्यांच्या कडा धारदार होतात आणि रिंग वर-खाली जाताना तिथं अडकून तुटते. एकेका कडेवरून बोट फिरवून बघत होते. कानस थांबली, बोट, पुन्हा कानस. मध्येच चहा आला, तो गार झाला. या कामाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

जुलै

कागदांचा दिवस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड आला, प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केंद्राच्या नियमावलीतला नियम १२३ तर माझ्यासाठीच लिहिल्यासारखा आहे : मागं बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. म्हणजे साडी गार्ड. सुंदर गाड्यांच्या फोटोंत पहिल्यांदा हेच गायब झालेलं असतं.

'व्हिंटेज' म्हणून नोंदवू असंही एकानं सुचवलं. २०२१च्या नियमांप्रमाणं त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपुढची लागते. ही १९८४ची, म्हणजे २०३४ उजाडायला हवं. त्यातही अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. कॅफे रेसर केली की व्हिंटेज नाही, व्हिंटेज ठेवली की कॅफे रेसर नाही. आमच्या 'कापायचं नाही'ला आता कायद्याचाही टेकू मिळाला.

त्यावरून सीटचं ठरलं. मूळ सीटच्याच बोल्टवर बसणारी नवी सीट, सपाट, पातळ फोमची; आणि मागच्या अर्ध्या भागावर पत्र्याचं कुबड, दोन थंबस्क्रूंवर. स्क्रू सोडवले की कुबड हातात आणि मामी गाडीवर. फूटरेस्ट, मूठ, साडी गार्ड जागच्या जागी. पुढचं मडगार्डही राहणार. मडगार्ड काढणाऱ्यानं आधी जुलैत कोल्हापुरात गाडी चालवून दाखवावी.

ऑगस्ट, श्रावणातला कुठलासा सोमवार

पायांचा घोळ सुटला. म्हणजे सोडून दिला.

कॅफे रेसरची बैठक हात आणि पाय मिळून होते. हँडल खाली आलं तर पायही मागं जायला हवेत, तरच अंगाचा भार पोटऱ्या-मांड्यांवर राहतो. नुसतं हँडल खाली घेतलं की सगळा भार मनगटांवर. आता येझदीची गंमत अशी की किक आणि गिअर एकच दांडा आहे, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. जावाकडून आलेली ही करामत. एवढंच नाही, त्या दांड्याला पाय लागला की आत क्लचही सुटतो, मूठ न दाबता गिअर पडतो. पाय मागं न्यायचे तर त्या दांड्याला जोडसळई लावून गिअर मागं न्यावा लागतो, आणि किक मारताना दर वेळी ती सळई सोडवावी लागते. चाचांच्या पोरानं एक नमुना करून दाखवला. स्प्रिंगची पिन, ओढली की सळई मोकळी. चालतंही. पण बिंदू चौकात सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागं केएमटीची बस उभी आहे, अशा वेळी मी वाकून पिन ओढणार, किक मारणार, पुन्हा पिन बसवणार?

फूटरेस्ट आहेत तिथंच राहिले. त्यामुळं क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या फोर्कलाच खाली बसणारं, हँडलही बाद झालं. त्याऐवजी सरळ, आखूड दांडी, मूळच्या क्लॅम्पमध्येच. टाकीवर ओणवं होता येत नाही, नुसतं पुढं झुकता येतं. जाणकार नाक मुरडतील. मला ही बैठक जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती या इंजिनाच्या वेगाला शोभते.

ऑगस्ट, त्याच आठवड्यात

एक ओळखीचा तरुण येऊन सांगून गेला : एअर फिल्टरचा डबा फेक, कोन फिल्टर लाव, सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढ, "आवाज बघ मग." आवाज येईल, नाही कोण म्हणतंय! पण टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून परत येणारा दाब ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये अडवून धरतो. नळ्या काढल्या की खालच्या वेगातली ओढ जाते आणि चढाला गाडी रडते. डबा काढला तर हवा वाढते आणि मिश्रण पातळ. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं जेट न बदलता फिरवली तर उद्यमनगरातल्या त्या कडा व्यर्थ. डबाही राहिला, नळ्याही राहिल्या. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही जावा-येझदीची ऐट आहे, त्यातलं एक काढणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

मग काढलं काय? जड क्रॅशगार्ड, सामानाचं कॅरिअर, मामांनी नंतर बसवलेला भोंगा आणि लोखंडी पेटी. हे सगळं एका पोत्यात भरून उचललं तेव्हा कंबर धरली. लंडनच्या पोरांनी आधी हेच केलं असतं.

खंडेनवमी

गॅरेजात पाने, हातोड्या, पुलर, फिलर गेज, सगळं घासूनपुसून फडक्यावर मांडलेलं, झेंडूच्या पाकळ्या. पूजा पोरं करतात, नारळ चाचा फोडतात, पेढे ज्याची गाडी अडकलेली असेल त्यानं आणायचे. पेढे मी आणले.

इंजिन गेल्या आठवड्यातच सुरू झालं. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर, टायमिंग चाचांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून बघितलं. तो सैल होतो तिथं ठिणगी. लिटरला ४० मिली ऑइल घातलेलं पेट्रोल. तिसऱ्या-चौथ्या किकला खोकली आणि मग त्या दोन नळ्यांतून तो ठोका बाहेर आला. शेजारच्या चहावाल्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "येझदी हाय!" बघायला उठलाही नाही.

नोव्हेंबर, दिवाळीनंतर

पन्हाळ्याला जाऊन आले. केर्लीपर्यंत सरळ रस्ता, वाघबीळपासून चढ. पिस्टन नवा, म्हणून अॅक्सिलरेटरची मूठ निम्म्यापुढं नेली नाही, आणि चढाला एकसारखी लावूनही धरली नाही. सोडायची, पुन्हा द्यायची. आखूड दांडीमुळं वळणावर गाडी चटकन झुकते, पण खड्डा आला की सरळ खांद्यात कळ. ड्रम ब्रेकला दोन बोटं पुरत नाहीत, चार लागतात आणि शिवाय थोडा आधीपासून विचार. वर पोचल्यावर प्लग काढून पाहिला. टोक तपकिरी. मिश्रण जमलंय.

परतताना तशीच कागलला. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला आणि कुबडाशी थांबले. "हे काय? मामीला टाकीवर बसवू व्हय?" मी थंबस्क्रू सोडवले. मामी पदर खोचून बसल्या, पाय फूटरेस्टवर, हात मुठीला. मामांनी किक मारली; गुडघा विसरले बहुतेक. दोघं वेशीपर्यंत जाऊन आले.

उतरल्यावर मामांचा निकाल : दांडी दोन इंच वर घे. चाचांना फोन लावला तर ते म्हणाले, एक इंचही न्हाई. मामींचं म्हणणं, सीटला फोम कमी आहे, आणि ते मात्र खरं आहे. शनिवारी सीटवाल्याकडं जायचंय. त्याआधी पीयूसी काढायचा आहे, आणि हॉर्नचं बटण वळणावर आपोआप वाजतं, ती वायर शोधायची आहे.