जीपचा डावा हेडलाइट आणि डॅशबोर्डवरचा निळा दिवा

महाडहून भोरकडे येताना वरंध घाटात जीपचा डावा हेडलाइट गेला. जूनचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेआठ, ढग पार रस्त्यावर उतरलेले. पावसाळ्यात हा घाट बऱ्याचदा बंद करतात, तेव्हा तो अजून सुरू होता. दिवा पूर्ण विझला असता तर एक वेळ समजलं असतं. हा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला होता. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर भक्कन पेटायचा आणि पुन्हा मिणमिणायला लागायचा. शेजारी बायको, मागच्या सीटवर आई. वाघजाईच्या देवळापाशी थांबून होल्डर हलवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका टेम्पोच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून भोर गाठलं. त्या रात्री आईनं तोंडातून शब्द काढला नाही, पण पुढची दांडी घट्ट धरलेले तिचे हात मला आरशात दिसत होते.

गाडी १९९४ ची. डिझेल, फोर-बाय-फोर, पुढे सात इंची गोल हेडलाइट. तीस वर्षांत तिला तीन मालक झाले आणि प्रत्येकानं वायरिंगमध्ये आपापली भर घातली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे दोन्ही बल्ब बदलले. दोन दिवस ठीक चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला डिपरचा, म्हणजे जवळचा आणि लांबचा झोत बदलायचा, स्विच बदलला. तरीही तेच. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण खरी काळजी वेगळी होती. आईचं डायलिसिस महाडच्या बाजूला, आठवड्यातून दोनदा जावं लागतं आणि परतताना अंधार होतोच. तो दिवा मला पक्का दुरुस्त हवा होता.

मग तात्यांकडे गेलो. आमच्याच आळीत राहतात, एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला आत बसवलं आणि हेडलाइट डीमवर, म्हणजे जवळच्या झोतावर, लावायला सांगितला.

"डॅशबोर्डवर काय दिसतंय?"

"काही नाही तात्या, सगळं नेहमीसारखं."

"नीट बघ बाळा. हाताचा आडोसा कर."

आडोसा केला तेव्हा दिसलं. अपरचा, म्हणजे लांबच्या झोताचा, निळा दिवा अगदी फिकट पेटला होता. लाइट डीमवर, आणि अपरचा इशारा चालू. इतके दिवस गाडी चालवतोय, पण ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अर्थिंग गेलंय डाव्या बाजूचं," तात्या तिथेच म्हणाले. पुढे कागदावर काढून दाखवलं, ते मी इथे जमेल तसं सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे.

या गाडीच्या हेडलाइटमध्ये एच-फोर जातीचा, दोन फिलामेंटचा बल्ब असतो. त्याला तीन पिना असतात. एक डीमची, एक अपरची आणि तिसरी दोघांची सामायिक अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट. डीम लावला की करंट डीमच्या फिलामेंटमधून येऊन अर्थच्या पिनेतून बॉडीत जातो आणि बॅटरीला परत पोचतो. अर्थ तुटला की करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या अपरच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो. तिथून अपरच्या वायरनं उजव्या हेडलाइटकडे जातो आणि त्या बल्बच्या अपरच्या फिलामेंटमधून उजव्या बाजूच्या अर्थला पोचतो. डॅशबोर्डचा निळा दिवाही त्याच वायरवर असतो, म्हणून तोही मिणमिणतो. एका बल्बचे बारा व्होल्ट अशा रीतीनं तीन फिलामेंटमध्ये वाटले जातात आणि डावा बल्ब तांबडा पडतो. बल्ब बदला, डिपर बदला, काही फरक पडणार नव्हता.

मी घरून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, नेला होता. डाव्या बल्बचा कपलर (मागे बसणारा वायरचा प्लग) काढून मी आधीच मोजलं होतं आणि डीमच्या वायरवर साडेबारा व्होल्ट आले होते. त्यावरून मी वायरिंग चांगलं आहे असं धरून चाललो होतो. तात्यांनी मान हलवली. कपलर काढल्यावर वायरमधून करंट वाहतच नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण बारा दाखवतो. मोजायचं ते कपलर लावून, दिवा पेटता ठेवून, मागून मीटरचा प्रोब (टोकदार सुई) खुपसून. आता काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब डाव्या बल्बच्या अर्थच्या पिनेला लावला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले आठच्या आसपास.

अर्थची काळी वायर मडगार्डच्या आतल्या बाजूला एका स्क्रूखाली कसलेली होती. स्क्रू घट्ट होता, हलवून हलत नव्हता. खोलून लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बाहेर काढला तर खाली चकचकीत हिरवा रंग! कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना रंगाच्या थरावरच लग बसवला होता. इतकी वर्षं स्क्रूच्या आट्यांतून कसाबसा संपर्क होत होता, तिथेही आता गंज. लगमध्ये वायर दाबलेली जागा मी बोटांनी वाकवली तर तांब्याच्या तारांचा हिरवट भुगा हातावर पडला. दोनच तारा धड होत्या.

पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवीन लग वायरवर दाबून (क्रिम्प करून) बसवला, दातेरी वॉशर घातला आणि कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. शिवाय दोन्ही हेडलाइटच्या अर्थमधून एक स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. जुन्या गाडीत पत्र्याच्या जोडांवर भरवसा ठेवू नये असं तात्यांचं मत, आणि आता माझंही.

निळा दिवा विझला. दोन्ही हेडलाइट सारखे झाले. मी बॉनेट लावायला निघालो, पण तात्या थांबले. "सारखे झालेत, पण पिवळे आहेत."

इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर ११.५. अर्थच्या बाजूला फक्त ०.२ व्होल्ट गळत होते, म्हणजे उरलेले २.१ पॉझिटिव्ह बाजूला. एकट्या लाइटच्या स्विचवर १.१. हॅलोजनचं गणित क्रूर असतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. आमच्या बल्बांचा प्रकाश जवळजवळ निम्मा वाटेतच संपत होता.

कारण बल्बवरच छापलेलं सापडलं. १००/९०, म्हणजे अपर १०० वॅट आणि डीम ९०. गॅरेजवाल्यानं आधीच्यासारखेच बल्ब घातले होते, आणि आधीच्या मालकानं जास्त उजेडासाठी ६०/५५ च्या जागी हे बसवले होते. सगळा करंट, दोन्ही मिळून जवळपास पंधरा अँपिअर, स्विचमधूनच जात होता, मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. अंगठ्याएवढ्या स्विचमध्ये साधारण पंधरा वॅट उष्णता. स्विच काढला तर मागचं प्लास्टिक जळून तपकिरी झालेलं, आणि फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेली. ते बघून मात्र मला घाम फुटला. वायर जळाली असती तरी हा फ्यूज उडाला नसता, आणि डिझेलची नळी तिथून वीतभर अंतरावर.

पुढचं काम सरळ होतं. डीमला एक आणि अपरला एक असे दोन रिले. बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला, जुनी हेडलाइटची वायर ८६ ला, ८५ अर्थला. स्विचमधून आता फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. स्विच नवा घातला, बल्ब ६०/५५ चे. चांदीचा फ्यूज तात्यांनी स्वतःच्या खिशात टाकला, परत कुणी वापरू नये म्हणून.

शेवटचं मोजमाप बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १३.४. कमी वॅटचे बल्ब, तरी उजेड आधीपेक्षा पांढरा आणि लांब. शाळेच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर आणले, डीमचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली घेतला.

तात्या मजुरी घेईनात. आईनं पुरणपोळ्या करून पाठवल्या, त्या घेतल्या. गेल्या गुरुवारी घाटात पुन्हा ढग होते. वाघजाईच्या वळणावर मी सवयीनं हाताचा आडोसा करून निळ्या दिव्याकडे पाहिलं. तो विझलेला होता. मागे आई झोपली होती.