हरणाऱ्याचा रोल

टॉम अँड जेरी बघताना जेरीकडे नक्की कोण बघतं? म्हणजे तो आहे, गोड आहे, जिंकतो, सगळं मान्य, पण सात मिनिटांतली पाच मिनिटं तरी आपले डोळे टॉमवर असतात. शेपटी सापळ्यात अडकलीये पण त्याला अजून कळलेलं नाहीये, मग हळूहळू कळतंय, चेहरा लाल होत चाललाय, आणि मग ती किंकाळी! ती किंकाळी विल्यम हॅनाची स्वतःची आहे, म्हणजे ज्याने जोसेफ बार्बेराबरोबर ही जोडी जन्माला घातली तोच माणूस माइकसमोर उभा राहून जीव खाऊन ओरडलाय. जेरीला असलं काही करावंच लागत नाही. त्याने खांदे उडवले, गालात हसला, बिळात गेला, झालं.

माझी बऱ्याच दिवसांची थिअरी आहे की या जुन्या मारामारीच्या कार्टून्समध्ये जिंकणाऱ्याला कामच नसतं. सगळा अभिनय हरणाऱ्याच्या वाट्याला.

सुरुवातच बघा ना. 1940 साली एमजीएम स्टुडिओतून या दोघांची पहिली फिल्म आली तेव्हा मांजराचं नाव जास्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं! टॉम अँड जेरी हे नंतर, स्टुडिओत नाव सुचवा म्हणून स्पर्धा झाली आणि जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने 50 डॉलर जिंकले. तर त्या पहिल्या फिल्ममध्ये घरातल्या मोलकरीणबाईने दम दिलाय की आता अजून एक वस्तू फुटली की तू घराबाहेर, आणि उंदराला हे कळल्यावर तो एकेक बशी खाली टाकतोय आणि मांजर त्या झेलतंय, चळत हनुवटीपर्यंत आलीये, आता हात रिकामा नाही म्हणून मांजराचं काहीच चालत नाही. उंदराचं काम काय, तर ढकलणे. बाकी सगळी सर्कस मांजराची.

आता हे सगळं कसं बसवायचे तर बार्बेरा गोष्ट आणि गंमती काढायचा, भराभर स्केचेस करायचा, आणि हॅना टायमिंग बघायचा. टायमिंग म्हणजे अक्षरशः हिशोब. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात, सात मिनिटं म्हणजे दहा हजारांच्या वर, आणि इस्त्री डोक्यात पडण्याआधी टॉमने वर किती फ्रेम बघायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. मार लागणं हा विनोद नाहीच मुळी. विनोद आहे तो मार लागणार हे कळणं आणि प्रत्यक्ष लागणं यांच्या मधल्या पाऊण सेकंदात, आणि तो पाऊण सेकंद कायम हरणाऱ्याचा असतो. वर स्कॉट ब्रॅडलीचं संगीत, पाऊल टाकलं की एक सूर, घसरला की सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्याबरोबर घसरतो.

आपल्याकडे 1995 मध्ये कार्टून नेटवर्क आलं ते इंग्रजीत, आणि आमच्या घरात त्यातलं बोललेलं कोणालाच धड कळायचं नाही, पण टॉम अँड जेरीला ती अडचणच नव्हती. आजी पण बघायची, आणि दर वेळी टॉमचीच बाजू घ्यायची. म्हणायची, उंदीर धान्य खातात मेले, मांजर आपलं काम करतंय.

बोलण्यावरून आठवलं, 1944 च्या माऊस ट्रबलमध्ये टॉम चक्क उंदीर कसे पकडावेत याचं पुस्तक मागवतो. त्यात एक वाक्य असतं की कोपऱ्यात सापडलेला उंदीर कधीच उलटून लढत नाही. टॉम जेरीला कोपऱ्यात गाठतो, मग आपल्याला दिसत नाही काय होतं ते, आणि मग ठेचलेला टॉम थंड आवाजात एकच वाक्य बोलतो, यावर विश्वास ठेवू नका. बस. मला तरी हा अख्ख्या मालिकेतला सगळ्यात भारी डायलॉग वाटतो, आणि तो हरणाऱ्याला मिळालाय. या फिल्मला ऑस्कर पण मिळालं. एकूण सात ऑस्कर आहेत या जोडीच्या नावावर.

त्यातलं अजून एक कॅट कॉन्सर्टोचं. टॉम कोट घालून पियानोवर बसलाय, लिस्ट नावाच्या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय, जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो त्याची झोपमोड होते आणि मग सुरू. टॉम हाताने वाजवतो, पायाने वाजवतो, एकीकडे उंदराला पण हाणतो पण सूर सोडत नाही, आणि शेवटी फाटक्या कपड्यांत कोसळतो. मग स्पॉटलाइट येतो जेरीवर आणि टाळ्या तो घेतो! आणि गंमत म्हणजे ऑस्कर समारंभात या फिल्म्सच्या ट्रॉफ्या घ्यायला स्टेजवर जायचा निर्माता फ्रेड क्विंबी. हॅना-बार्बेरा नाही. मी काही म्हणत नाही, तुम्हीच बघा यातला जेरी कोण ते.

सगळंच काही हसण्यासारखं नाही हेही सांगायला हवं. स्फोट झाला की पात्राचा चेहरा काळा आणि ओठ जाड करून आफ्रिकन-अमेरिकन लोकांची नक्कल करायची, ती दम देणारी बाई पण तशीच साचेबंद काळी मोलकरीण, पाय तेवढे दाखवायचे. पुढे टीव्हीसाठी यातलं बरंच कापलं, बाईंचा आवाज पण बदलला. आज बघताना तिथे हसू जातं, कारण तिथे हरणारा टॉम नसतो, तिसराच कोणीतरी असतो ज्याने या खेळात भागच घेतलेला नव्हता.

आणि टायमिंग चुकलं तर काय होतं तेही बघायला मिळतं. 1957 मध्ये एमजीएमने कार्टून विभागच बंद केला, कारण जुन्याच फिल्म्स परत लावल्या तरी तेवढेच पैसे येतात असा हिशोब निघाला. मग 1961-62 मध्ये जीन डाइचकडून 13 फिल्म्स करून घेतल्या, त्या थेट प्रागमध्ये. आवाज विहिरीतून आल्यासारखे, हालचाली झटक्याझटक्याने, आणि टॉमचा एक रागीट मालक आहे तो त्याला अशी मारहाण करतो की बघवत नाही. तोच तवा, तेच डोकं, पण तो पाऊण सेकंद नाही, त्यामुळे नुसताच मार.

दुसऱ्या गल्लीत, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सकडे, दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकल मॉल्टीज यांनी 1949 मध्ये माझी थिअरी पार टोकाला नेली. रोड रनर हा पक्षी काय करतो? पळतो, बीप बीप करतो. अगदी विनंती थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीसारखा, तुम्ही हात केला काय न केला काय, हॉर्न मारून पुढे. चेहऱ्यावर काही नाही, मनात काही नाही. आणि समोर तो बिचारा कायोटी, म्हणजे लांडग्यासारखा एक प्राणी, ॲक्मी कंपनीचं पार्सल फोडतोय, रॉकेट बांधतोय, नकाशे काढतोय. जोन्सने नंतर आपल्या पुस्तकात या मालिकेचे नियम लिहिले, त्यात एक असा की रोड रनरने कायोटीला काही करायचं नाही, बीप बीप सोडून. म्हणजे जिंकणाऱ्याला काम न देण्याचा लेखी नियम! दुसरा नियम असा की कायोटी कधीही थांबू शकतो, फक्त तो झपाटलेला आहे म्हणून थांबत नाही. कड्याच्या बाहेर हवेत उभा राहून तो आपल्याकडे बघतो ना, एक छोटीशी पाटी वर करतो आणि मग खाली जातो, त्या नजरेसाठी मी त्याचं सगळं बघायला तयार आहे. खरा कायोटी खऱ्या रोड रनरपेक्षा आरामात जोरात पळतो, पण ते सोडा.

आता कोणी म्हणेल बग्ज बनीचं काय, तो जिंकतो पण आणि अभिनय पण करतो. बरोबर आहे, माझी थिअरी तिथे जरा लंगडते. पण डॅफी डक आला की बघा, शिकारीचा सीझन सशाचा की बदकाचा यावरून दोघांचं भांडण, बग्ज शांतपणे दोन शब्द फिरवतो आणि बंदूक डॅफीवर सुटते. दर वेळी गोळी लागल्यावर त्याची चोच वेगळ्याच ठिकाणी गेलेली असते, कधी मागे, कधी डोक्यावर, आणि तो ती परत जागेवर बसवून पुन्हा वाद घालायला हजर. बग्जचं वाक्य संपायच्या आत आपण चोच कुठे गेली ते शोधत असतो.

पण माझी सगळ्यात लाडकी जोडी त्याच जोन्सची, राल्फ लांडगा आणि सॅम कुत्रा. राल्फ म्हणजे दिसायला कायोटीच, फक्त नाक लाल. दोघं सकाळी डबे घेऊन येतात, गुड मॉर्निंग करतात, घड्याळात कार्ड पंच करतात, आणि मग शिट्टी झाली की हा मेंढ्या चोरणार आणि तो ह्याला बडवणार. जेवायची शिट्टी झाली की बडवणं अर्ध्यावर थांबतं, शेजारी बसून डबा खातात, आणि मग परत मान पकडायची ती जिथे सोडली होती तिथूनच. एकात तर संध्याकाळी सुटताना सॅम त्याला म्हणतो की तू फार काम करतोयस, उद्या सुट्टी घे, मी दोन्ही कामं बघतो. सॅमचा भलेपणा मान्य, पण जो माणूस दिवसभर डोळ्यांवर केस घेऊन एका जागी बसून असतो त्याला राल्फचं काम एक दिवस तरी झेपेल का, मला नाही वाटत.