तुम्ही विचारलंत म्हणून: शिगेचा राग येत नाही का?

‘टोकियो स्टोरी’ बघून झाला की बहुतेक जण मला हेच विचारतात. यासुजिरो ओझूंचा हा 1953चा सिनेमा. म्हातारे आईवडील ओनोमिची या आपल्या गावाहून टोकियोतल्या मुलांकडे येतात. मुलांना सवड नसते, म्हणून त्यांना आतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडलं जातं. परतीच्या प्रवासात आई आजारी पडते आणि घरी पोचल्यावर जाते.

शिगे ही थोरली मुलगी, ब्युटी पार्लर चालवणारी. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी महागाचा केक आणला म्हणून ती त्याच्यावर डाफरते. गिऱ्हाईकाला आईवडिलांबद्दल सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. आईचे अंत्यविधी उरकून सगळे जेवायला बसलेत, तर हिला आईच्या किमोनोवरचा पट्टा हवा असतो.

येतो ना राग, मलाही येतो. पण तो एकटीवरच का? आतामीचा बेत तिने आणि डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाने, कोइचीने मिळून ठरवला, खर्चही वाटून घेतला. जेवण झाल्यावर तोही तिच्याबरोबरच निघतो. धाकटा भाऊ केइझो गावाच्या जास्त जवळ, ओसाकात राहूनही आई गेल्यावर पोचतो, आणि तोही त्याच रात्री परततो. या दोघांबद्दल मला कुणी विचारत नाही. मुलगे कामात होते, हे आपण लगेच मान्य करतो. शिगेलाही दुकान आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

आई आता वाचत नाही, असं कोइची हलक्या आवाजात सांगतो तो प्रसंग पुन्हा बघा. शिगे तिथल्या तिथे कोसळून रडते. शिगेची भूमिका करणाऱ्या हारुको सुगिमुरांनी त्या रडण्यात खोटेपणाचा लवलेशही ठेवलेला नाही. तेवढ्याच खरेपणाने ती नंतर पट्टा मागते. माणसाची ही दोन्ही रूपं एकाच घरात, इतक्या थोड्या अवधीत दाखवायला फार धीर लागतो.

युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको मात्र सगळ्यांना आवडते. कामावरून रजा काढून ती सासूसासऱ्यांना टोकियो दाखवते, सून असावी तर अशी! पण धाकटी नणंद क्योको भावंडांवर चिडते, तेव्हा हीच नोरिको त्यांची बाजू घेते. मुलं मोठी झाली की त्यांचा स्वतःचा संसार होतो, मीही उद्या तशीच होईन, असं सांगते. नोरिकोची एवढी तारीफ करणाऱ्यांनी तिचं हे म्हणणंही मनावर घ्यावं.