तोंड काउंटरकडे ठेवून बसायचं

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या मुख्य वाचनालयात नागरी हक्क चळवळीची एक खोली आहे. सहा वर्षं झाली इथे येऊन, दर पंधरा दिवसांनी लेकीची पुस्तकं बदलायला जाते, पण त्या खोलीत पाय ठेवला तो गेल्या शनिवारी. बाहेर धो धो पाऊस होता आणि लेकीला बसायला स्टूल दिसलं, एवढंच निमित्त. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये असायचा तसा खाण्याचा काउंटर तिथे केलाय आणि त्यावर दहा नियम लिहिलेत. १९६० साली इथले कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसत, त्यांच्यासाठीचे नियम. जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या दोघा विद्यार्थ्यांनी तयार केलेले.

मारलं तरी उलट हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. मोठ्याने हसायचं नाही. दुकानाचं दार, आतली वाट अडवायची नाही. पुढाऱ्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. वाचत वाचत मी पुढे सरकत होते, आणि एका नियमापाशी थांबले. ताठ बसायचं आणि तोंड कायम काउंटरकडे ठेवायचं.

लेक आठ वर्षांची आहे. ती म्हणाली, "आई, पण मग मागून कोण येतंय ते कसं दिसणार?"

नाहीच दिसणार. आठवडा झाला, मी त्याच एका ओळीचा विचार करतेय. २७ फेब्रुवारी १९६० ला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने यांना स्टुलांवरून खाली ओढलं, लाथा घातल्या, अंगावर जळत्या सिगारेटी टेकवल्या. पाठीमागे शिव्या चालल्यात, पावलं जवळ येताहेत, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी मान वळवायची नाही. का, तर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आलाय. गिऱ्हाईक काउंटरकडेच तोंड करून बसतं. मागे वळून पाहिलंत की तुम्ही भांडणातले एक झालात. त्या दुकानांत यांच्याकडून साबण, वह्या, टूथपेस्टचे पैसे खुशाल घेत, त्याच छपराखाली कॉफीचा कप मात्र मिळत नसे. म्हणून सामानाची खरेदी करायची आणि मग शांतपणे जाऊन बसायचं. त्या दिवशी पोलिसांनी ८१ जणांना पकडलं, सगळे बसणारे. मारणाऱ्यांपैकी एकही नाही. एक तुकडी नेली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. कोर्टाने माणशी ५० डॉलर दंड केला. विद्यार्थ्यांची एक पुढारी डायान नॅश आणि इतरांनी तो भरायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला, कारण दंड भरणं म्हणजे त्याच अन्यायाला पैसे पुरवणं.

आपल्याकडे सत्याग्रह म्हटलं की आपण संत स्वभावाची माणसं डोळ्यांपुढे आणतो. इथे ती चक्क तालीम होती. १९५९ च्या शरद ऋतूपासून एका चर्चच्या तळघरात मुलं जमत. अर्ध्यांनी बसायचं, अर्ध्यांनी त्यांना घाणेरड्या शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर धूर सोडायचा. ज्याचा तोल गेला त्याने पुन्हा बसायचं. आपल्याकडे बंद म्हटला की पहिलं दुकानाचं शटर ओढायला लावतात आणि एसटी अडवतात. तिथे दार अडवायला बंदी! मला हे वाचून खूप आदर वाटला, आणि थोडी लाजही वाटली.

मग त्या तालमीच्या मास्तरांचं नाव वाचलं, आणि माझी छाती फुगली. जेम्स लॉसन. हा माणूस १९५३ ते १९५६ नागपुरात होता! आमच्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात, मेथडिस्ट मिशनरी म्हणून. कोरियन युद्धासाठी सक्तीच्या भरतीला नकार दिला म्हणून आधी तुरुंगात जाऊन आलेला, आणि मग गांधीजींचा मार्ग शिकायला आलेला. बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्ध माँटगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूर टाइम्समध्ये वाचली आणि आनंदाने ओरडत उठले, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. हे कॉलेज आहे त्याच सिव्हिल लाइन्समधून मी शाळेत असताना रोज सायकलने जायचे. मला यातलं काही माहीत नव्हतं. परत आल्यावर १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. किंग म्हणाले, आत्ताच दक्षिणेत या. ते नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकू लागले, आणि या आंदोलनापायी मार्च १९६० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं. २०२४ च्या जूनमध्ये, ९५ व्या वर्षी ते गेले. तेव्हा मी याच शहरात होते.

मी काउंटरमागच्या बाईंना सांगितलं की मी नागपूरची आहे. त्यांनी हातातलं काम ठेवलं, माझे दोन्ही हात धरले आणि "यू आर फ्रॉम नागपूर!" असं इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मला रडू आलं. परदेशात माझं गाव कुणाला माहीत असण्याची मला सवय नाही. संत्री सोडली तर.

घरी येऊन मी लगेच मैत्रिणीला फोन केला. तीही नागपूरची, इंदोऱ्याची. इथे आल्यावरच आमची ओळख झाली. मी भरभरून सांगितलं, बघ, यांना आपण शिकवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, १९५६ म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेच साल. तेच नागपूर. 'आपण' म्हणजे कोणी शिकवलं?" आणि म्हणाली, "चवदार तळं १९२७ चं. म्हणजे यांच्या ३३ वर्षं आधी आमची माणसं पाण्याला हात लावायला गेली, आणि मार खाल्ला. ते आधी सांग लेकीला."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, इथे बघ, विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला, १९ एप्रिलला पहाटे. आपल्याकडे असं कुठे होतं? बोलता बोलताच मला समजलं की मी काय करतेय. तिने फक्त विचारलं, "तुमच्याकडे कप वेगळा होता का?"

होता. काटोलकडच्या आमच्या घरी, मागच्या कोनाड्यात, कान तुटलेला. सालदारासाठी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यासाठी. आजी म्हणायची, "थो कोनाड्यातला कप दे त्याले," आणि मी द्यायची. वरून ओतायची, धक्का लागू नये म्हणून. आजी प्रेमळ होती, सालदाराच्या पोरीच्या लग्नात तिने लुगडी दिली, आजारपणात पैसे दिले. हे मी मैत्रिणीलाही सांगितलं. ती काही बोलली नाही.

बॉम्बच्या त्या दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता सिटी हॉलपर्यंत चालत गेली. तिथे पायऱ्यांवर डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला चूक वाटतं का? महापौर हो म्हणाले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांसाठी उघडले. तोवर गावात ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार होता, गल्ले रिकामे पडले होते, हेही त्यात आलंच.

काल रात्री लेकीला कपाची गोष्ट सांगितली. चवदार तळ्याचीही सांगितली. तिने विचारलं, "त्या सालदार आजोबांनी कधी दुसरा कप मागितला का?"

नाही मागितला. आमच्याकडे साल पाडव्याला ठरायचं. दुसरा कप मागितला असता तर पुढच्या पाडव्याला माझ्या आजोबांनी दुसरा सालदार पाहिला असता. तेही मी तिला सांगितलं.