जड म्हणजे नेमकं किती? पाणी आलेल्या दिवशीचा हिशेब

गरोदर बाईला "जड उचलू नकोस गं" असं सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्याच बजावतात. पण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की तास-दोन तासांत बॅरल, हंडे, कळश्या, पातेली सगळं भरून ठेवावं लागतं आणि त्या गडबडीत बजावलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय जड म्हणजे किती किलो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

त्याचे आकडे आहेत. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशींप्रमाणे सगळं सुरळीत असलेल्या गरोदर बाईने अधूनमधून, अंगाजवळ धरून, कमरेच्या उंचीवरून उचलायचं झालं तर २० आठवड्यांपर्यंत जास्तीत जास्त १६ किलो आणि त्यानंतर १२ किलो. तेच काम तासाहून जास्त वेळ सारखं करायचं असेल तर २० आठवड्यांपर्यंत ८ आणि पुढे फक्त ६ किलो. पाणी भरणं हे सारखं उचलण्याचं काम आहे, म्हणून इथे ८ आणि ६ हेच आकडे धरायचे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरचा भरलेला हंडा भांड्याच्या वजनासकट १६ किलोंच्या वर जातो. २० लिटरच्या जारचं तर नावच काढू नका. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचे आणखी साधारण १५-१६, म्हणजे तीस किलो. तो उचलायचा तर नाहीच, कलता करून घरंगळत न्यायलाही दुसऱ्या कुणाला सांगा.

किलोइतकीच उंचीही महत्त्वाची. वरचे आकडे कमरेच्या उंचीसाठी आहेत. पोट वाढल्यावर नडगीच्या मध्याच्या खालून काहीच उचलू नये, कारण वाकताना पोट मध्ये येतं, ओझं अंगापासून लांब जातं आणि सगळा ताण कमरेवर येतो. आपल्याकडे पाण्याला दाब नसतो म्हणून कित्येक घरांत नळ जमिनीलगत नाहीतर चक्क खड्ड्यात! तिथून भरलेली बादली वर ओढणं हे दिवसातलं सगळ्यात वाईट काम. नळाला पाइप लावून पाणी थेट बॅरलमध्ये सोडा आणि पुढे तांब्याने काढून घ्या. पाइप पोचत नसेल तर खड्ड्यातून पाणी काढायचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाचं. तुम्ही दीड-दोन फुटी स्टुलावर ठेवलेली अर्धी बादली घ्या, किंवा दोन हातांत दोन-दोन लिटरच्या दोन कळश्या. कळशी कमरेवर घेऊ नका. एका बाजूला भार आला की गरोदरपणात आधीच सैल झालेले ओटीपोटाचे सांधे दुखायला लागतात. पायरी चढताना किंवा एका पायावर उभं राहून सलवार घालताना जांघेच्या मधोमध कळ आली, तर दुखणं याच सांध्यांचं. मग कपडे बसून घालायचे. मोठं मूल कडेवर घेण्याचंही तसंच. दोन वर्षांचं पोर ११-१२ किलोंचं असतं. आपण खाली बसावं, त्याला मांडीवर चढू द्यावं.

उचलताना एक पाऊल थोडं पुढे, गुडघे वाकलेले, भांडं पोटाशी. वर येताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की सगळा दाब खाली ओटीपोटाच्या स्नायूंवर जातो. लघवीचे थेंब गळतात ते त्यामुळेच. वळायचं ते पावलांनी, कमरेतून पीळ द्यायचा नाही. आणि ओली शहाबादी फरशी! पोटामुळे तोल पुढे गेलेला असतो, पावलं दिसत नाहीत. वजनापेक्षा घसरून पडण्याची भीती मोठी, तेव्हा आधी फरशी कोरडी करा.

"घरात एवढं काम करते, व्यायाम कशाला?" हे इथलं ठरलेलं वाक्य. पाणी भरण्याने अंग शिणतं, दमसास वाढत नाही. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच वेग. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. चालायला होम मैदान चांगलं, फक्त गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत त्या गर्दीत जाऊ नका. घरी खुर्चीवरून दहा उठबशा आणि भिंतीला हात टेकून दहा जोर पुरेत. २० आठवड्यांनंतर उताणं झोपून व्यायाम नको. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. हात वर केले की नाळ बाळाच्या मानेभोवती अडकते, हे मात्र निव्वळ खोटं. दोरीवर कपडे खुशाल वाळत घाला.

विड्या वळणाऱ्या बायकांचं दुखणं उलट आहे. सूप मांडीवर घेऊन तासन् तास बैठक. पाठ भिंतीला टेकवा, बुडाखाली घडी केलेली चादर घ्या, अर्ध्या तासाला उठून टाचा वीस वेळा वर-खाली करा. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी वाढलं असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. काम करताना रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, छातीत दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर भांडं तिथंच ठेवून दवाखाना गाठायचा. नुसतं पोट आवळलं तर पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडा. आडवं पडूनही ते ठरावीक वेळाने आवळतच राहिलं आणि ३७ आठवडे भरलेले नसतील, तर सकाळची वाट बघू नका.